दिगंबरची मेश

दिगंबर सोनावळे नोकरी सोडून गेला त्याला आता बराच काळ झाला, तरी ऑफिसात कुणी त्याचं नाव काढलं की मला चहा गोड लागत नाही. लोकांना वाटतं, मॅडमना त्याची आठवण येते. येते ना. दुखऱ्या दाढेची येते तशी येते. जेवताना, हसताना, आणि सगळ्यात जास्त काम करताना.

आमचं ऑफिस खालापूरला, हार्डवेअरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. आमच्याकडे जुन्या यंत्रांची कामं येतात. ज्यांचे नकाशे हरवलेत आणि ज्यांना बनवणारे कारखाने कधीच बंद पडलेत, अशी यंत्रं. आम्ही स्कॅनर फिरवून त्यांचा आकार कंप्युटरवर घेतो. पण स्कॅनरला दिसते ती फक्त वरची कातडी. लाखो त्रिकोण एकमेकांना जोडून झालेलं एक पोकळ टरफल. त्यात कुठे भोकं, कुठे चुण्या, कुठे एकावर एक दोन थर. असल्या टरफलावर ताणाचं गणित होत नाही. आधी ते सगळीकडून बंद करायचं, मग त्याच्या पोटात बारीक बारीक ठोकळे ठासून भरायचे. या भरीव जाळीला आम्ही मेश म्हणतो. मग तिच्यावर भार टाकायचा आणि कुठे लाल होतं ते पाहायचं. लाल म्हणजे तिथे ताण जास्त, तुटलं तर तिथून तुटणार. निळं म्हणजे निर्धास्त. आईला मी हे करंजीवरून समजावलं होतं. कड नीट मिटली नाही तर सारण तेलात. आई म्हणाली, मग एवढी शिकलीस कशाला?

दिगंबर ही कड मिटवण्यात उस्ताद होता. हे एवढं वाक्य लिहायला मला दोन कप चहा लागला.

तो कर्जतपलीकडच्या पोशीरचा. घरची भातशेती, त्यामुळे लावणीला आणि कापणीला तो हक्कानं गायब व्हायचा, आणि एरवीही मोटारसायकलवरून इतक्या लांबून यायचं म्हणून त्याला उशीर माफ होता. मी खालापूरचीच, चालत येणारी, म्हणून मला नव्हता. आल्या आल्या चपला टेबलाखाली, पाय खुर्चीवर, मांडी ठोकून बैठक. खिशातला कंगवा काढून स्क्रीनच्या काळ्या काचेत भांग पाडायचा आणि मगच कंप्युटर चालू करायचा. माझा डबा माझ्याआधी तो उघडायचा. "शुभे, मेथी केलीस? मीठ कमी हाय गं," हे मला माझ्याच भाजीबद्दल त्याच्याकडून कळायचं. फायलींना आम्ही सगळे शहाण्यासारखी नावं द्यायचो. हा आदल्या रात्री जे खाल्लं ते नाव द्यायचा. सुकट. बोंबील. बोंबील-दोन. गिऱ्हाइकाला एकदा 'जवळा-शेवटचा' नावाची फाइल गेली. गिऱ्हाइकाचा फोन आला तो काम झकास झालं म्हणून सांगायला. नावाबद्दल चकार शब्द नाही. मी पाठवली असती तर?

काम करताना तो मेशशी बोलायचा. "काय गं, कुठं उसवलीस? दाखव बगू. अशी तोंड फिरवू नको, आतली बाजू बाहेर आलीय तुजी." सुरुवातीला मला वाटायचं माझ्याशीच बोलतोय, आणि मी दोनदा उत्तरही दिलं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक बटण आहे, ते दाबलं की सगळी भोकं आपोआप बुजतात. आम्ही सगळे ते दाबायचो. दिगंबर दाबायचा नाही. "त्या बटनाला काय ठावं, ते भोक हाय का तोंड हाय?" असं म्हणायचा. "बुजवायच्या आधी इचारायचं, तुला कुणी पाडलं?" मग तो एकेका भोकाच्या काठावरून माउस फिरवत बसायचा, मध्येच उठून खाली जाऊन खरा भाग हातानं चाचपून यायचा, आणि संध्याकाळपर्यंत त्याची मेश अशी होऊन निघायची की पाहताना माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. एक त्रिकोण वाकडा नाही. शिवाय तो ते गुपचूप करणाऱ्यातला नव्हता. खुर्ची मागे ढकलून, हात डोक्यामागे घेऊन मोठ्यानं म्हणायचा, "या रं सगळे! बगून घ्या. आपला हात लागलाय." आणि सगळे जायचे. मीही जायचे. न जाणं फारच दिसलं असतं.

आम्ही दोघं कर्जतला एकाच कॉलेजात, एकाच वर्गात होतो. मार्क माझे जास्त होते. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर ते कुणीच विचारलं नाही. त्यानं माझी जर्नल उतरवली आणि तोंडी परीक्षेत मास्तरांना माझीच आकृती माझ्यापेक्षा बरी समजावून सांगितली. माझ्या पोटातल्या दुखण्याची सुरुवात तिथली.

म्हणून आमच्या मालकांनी, बापट सरांनी, जेव्हा सांगितलं की मेशच्या कामाचा आता वेगळा विभाग होणार आणि त्याला एक प्रमुख नेमायचा, तेव्हा ते पद मला हवं होतं. नुसतं हवं नव्हतं, माझ्या नावाचीच पाटी त्या दारावर आहे असं मी मनात धरून चालले होते. वेळेवर येणारी मी, फायलींना नावं देणारी मी, गिऱ्हाइकाला 'सर' म्हणणारी मी. आणि समोर कोण, तर मांडी घालून बोंबील करणारा हा माणूस. सरांनी तोंडानं काही म्हटलं नव्हतं, पण निवड आम्हा दोघांतूनच होणार हे चहावाल्यालाही ठाऊक होतं.

त्याच दिवसांत माथेरानचं काम आलं. तिथल्या एका खोगीर बनवणाऱ्या चाचांना पाहायचं होतं की बसणाऱ्याचा भार घोड्याच्या पाठीवर नेमका कुठे पडतो. त्यासाठी घोड्याची पाठ स्कॅन करायची. पुढे गाड्यांना बंदी, म्हणून गाडी दस्तुरीला ठेवून आम्ही दोघं स्कॅनरची पेटी आलटून पालटून उचलत वर गेलो. म्हणजे मी उचलत गेले आणि दिगंबर वाटेत भेटेल त्याच्याशी गप्पा मारत आला. चाचांनी एक तांबडी घोडी आणून उभी केली. मी स्कॅनर फिरवला आणि डोक्याला हात लावला. घोडी श्वास घेत होती. बरगडी फुगली की एक कातडी, उतरली की दुसरी. स्कॅनमध्ये एका घोडीच्या दोन घोड्या, एकीत एक.

"असू दे, ऑफिसात गेल्यावर वेगळ्या करते," मी म्हटलं.

"कशाला डोकं फोडतेस?" दिगंबर म्हणाला. चाचांकडून मूठभर चणे घेऊन त्यानं अर्धे घोडीला चारले, अर्धे स्वतः खाल्ले, आणि तिच्या पोटावर हात ठेवून डोळे मिटून उभा राहिला. मग म्हणायला लागला, "घेतला... सोडला. आता मार. घेतला, थांब. सोडला, मार." तो 'मार' म्हणाला की मी स्कॅनरचं बटण दाबायचं. सगळं अंग एकाच कातडीत उतरलं. चाचांनी दिगंबरच्या पाठीत कौतुकाची थाप मारली, त्याला पोरगा म्हणाले, चिक्कीचा पुडा दिला. स्कॅनर माझ्या हातात होता. घोडीनं शेपटी मारली तीसुद्धा मलाच.

पण त्यानंतरचं काम माझ्या वाट्याला आलं, एकटीच्या. खालापूरच्याच एका कारखान्यात पत्रा ठोकून आकार देणारी एक जुनी प्रेस होती. तिचा बिडाचा सांगाडा इंग्रजी 'सी'च्या आकाराचा, माणसापेक्षा उंच. त्या 'सी'च्या पोटात कामगार हात घालून पत्रा ठेवतो आणि वरून ठोका येतो. कारखान्याला आता त्यावर जाड पत्रा घ्यायचा होता. सांगाडा सोसेल का, एवढंच आम्ही सांगायचं होतं. दिगंबर कापणीला गेलेला. बापट सर मला म्हणाले, "शुभदा, हे मोठं काम आहे. विभागाचं काय ते यावरूनच ठरवू." मी खाली जिना उतरले ती उतरले की उडाले ते मला आठवत नाही.

दसरा नुकताच झाला होता. प्रेसवर झेंडूचे हार होते, ते मी काढून ठेवले. 'सी'च्या आतल्या वरच्या कोपऱ्याला डावीकडे शेंदराचं ताजं बोट ओढलेलं होतं, ते नमस्कार करून फडक्यानं पुसलं. खाली कारखान्याचा नेहमीचा हिरवा रंग. सांगाड्याची उजवी बाजू भिंतीला चिकटून होती, तिथे स्कॅनर शिरेना. अशा वेळी सगळे करतात तेच मी केलं. डावी बाजू नीट घेतली आणि तीच आरशातल्यासारखी उलटून उजवीकडे लावली. मग जीव ओतून काम केलं. यावेळी बटण दाबलं नाही. प्रत्येक भोकापाशी थांबले. भार टाकला. सांगाड्याचा तो आतला कोपरा, जिथे ताणाची सगळ्यात जास्त भीती, तो छान निळा आला. कोपऱ्याला ओतकामातच चांगली गोलाई होती, ताण तिथे साचतच नव्हता. प्रेस जाड पत्रा सोसेल. मी अहवाल तयार केला, आणि सर बाहेरगावाहून येईपर्यंत तो उघडून उघडून पाहत राहिले.

दिगंबर परतला तो उन्हानं काळा होऊन, पिशवीभर नवे पोहे घेऊन. माझ्या खुर्चीमागे उभा राहून पोहे कोरडेच खात स्क्रीन बघू लागला.

"ही गोलाई कशी काय आली?" शेवटी म्हणाला.

"ओतलेलीच आहे."

"दोनी बाजूला सेम?"

"उजवी मी उलटून घेतलीय. भिंत आहे तिकडे."

"म्हणजे उजवी तू बगितलीच नायस."

"दिगंबर, हे सगळे करतात. तूही करतोस."

"करतो ना. पण ही गोलाई बग की. हिला वर खाली उतार नाय, मदीच फुगलीय. साच्यातनं असं नाय येत गं."

तेव्हा मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, हा जळतोय. माझं काम पाहून दिगंबर सोनावळेच्या पोटात दुखतंय. काय सुख होतं ते! मी खुर्ची वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि अगदी गोड आवाजात म्हटलं, "चल, आत्ता जाऊन बघू. तुझं समाधान होऊ दे."

गेलो. प्रेसवर गोविंदनाना होते, कारखाना सुरू झाल्यापासून त्याच मशीनवर. दिगंबर भिंत आणि सांगाडा यांच्या फटीत दंड घासत आडवा शिरला आणि हात लांब करून उजवा कोपरा चाचपला. बाहेर आला तो कोळिष्टकांनी भरून.

"तिकडं गोलाई नाय. काटकोन हाय निस्ता."

मी डाव्या कोपऱ्यावर हात ठेवला. गुळगुळीत, घट्ट, थंड. लोखंडच.

"ताई, तिथं नका हात लावू," नाना म्हणाले. "द्येव हाय तो."

"कुठला देव, नाना?"

"मशीनचा. हात आत घालताना तिथंच नजर जाती ना आमची. म्हनून पयल्यापासून दर खंडेनवमीला तिथं शेंदूर लावतो त्याला. तेलातला. आता ह्यो हिरवा रंग दर दसऱ्याच्या आदी कंपनी मारती, त्यावर परत आमी शेंदूर लावतो. दर वर्साला."

शेंदूर, रंग, शेंदूर, रंग. इतक्या वर्षांचं बोटभर जाड कवच, वाळून दगड झालेलं. माझी देखणी गोलाई. शेंदराचं पूट कसं चढत जातं हे मला काय कुणी शिकवायला हवं होतं? आमच्या खालापूरच्या घराशेजारी मारुती आहे. त्याचं नाक कुठे आणि गाल कुठे हे शेंदरामुळे लहानपणापासून मला कधी कळलेलं नाही. ताजं बोट तर मी स्वतःच्या हातानं पुसलं होतं.

कवच काढायचं कसं, हा प्रश्न होता. मी कारखान्याच्या साहेबांना सांगून छिन्नी मागवायला निघाले, तर दिगंबरनं थांबवलं आणि नानांनाच विचारलं, "नाना, द्येव कवच टाकतो का न्हाय कधी?"

"टाकतो की," नाना म्हणाले. " गावच्या म्हसोबानं टाकलं व्हतं. गुलाल उधळला व्हता आमी."

दुसऱ्या दिवशी नानांनी नारळ फोडला, स्वतः अलगद टोचून ते कवच उतरवलं, पाटावर ठेवलं, आणि सुट्टी झाल्यावर कामगारांनी ते वाजतगाजत पाताळगंगेत सोडलं. आत कोपरा निघाला तो धारदार काटकोन. तडा नव्हता. तडा निघावा असं मला वाटत होतं की निघू नये असं, ते मला आजही सांगता येणार नाही. मी पुन्हा मेश केली, पुन्हा भार टाकला. कोपरा लालभडक झाला. जाड पत्रा घ्यायचा नाही, असा अहवाल गेला.

पुढचा आठवडा दिगंबरनं ही गोष्ट अख्ख्या खालापुराला सांगितली. चहाच्या टपरीवर, हार्डवेअरवाल्याला, पोस्टमनला. "मी नसतो तर नानाचा हात ग्येला असता," हे छाती काढून. आणि लगेच माझ्याकडे बोट दाखवून, "पण शुभीची मेश बाकी एकदम नीट होती हां! फक्त तिनं द्येवाची पन मेश केली." लोक हसायचे. मीही हसायचे, आणि अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

मग बापट सरांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. मी नवी साडी नेसले होते. सर दिगंबरला म्हणाले, "विभाग तू सांभाळ."

"नको, सर," दिगंबर म्हणाला. विचार करायला एक क्षणही घेतला नाही. "मग रोज येळेवर यायला लागंल. आन दुसऱ्याच्या चुका बगत बसायचं तर आपलं काम कवा करायचं? शुभेला द्या. तिला आवडतं."

तिला आवडतं! डब्यातली नावडती भाजी शेजारच्याला सरकवावी तसं त्यानं ते पद माझ्याकडे सरकवलं. सर माझ्याकडे वळले. नाही म्हणण्याइतका स्वाभिमान माझ्याकडे असायला हवा होता. मी तत्काळ हो म्हटलं. पाटी लागली, माझ्याच नावाची. तिच्याखालून आत जाताना दर वेळी मला आठवायचं की ही त्यानं नको म्हटलेली आहे.

काही काळानं त्याच्या काकांची पोशीरची भातगिरणी बंद पडायला आली, ती दिगंबरनं चालवायला घेतली आणि नोकरी सोडली. सर दोनदा त्याच्या घरी जाऊन आले. मी गेले नाही. मला वाटलं, आता कसं मोकळं वाटेल.

यंदा आमच्याकडे एका जुन्या पाण्याच्या पंपाचा पंखा आला. त्याची पाती एकमेकांत अशी पिळलेली की आतली कातडी स्कॅनरला दिसतच नाही. इतकं किचकट काम आमच्याकडे पूर्वी आलं नव्हतं. मी ते कुणाला दिलं नाही, स्वतः केलं. एकेक पातं हातानं चाचपून, एकेक कड इंचाइंचानं मिटवून. पुरं झालं तेव्हा मला कळलं की हे काम चांगलं झालंय. सरांनी सांगण्याची गरज नव्हती. सांगायचं होतं ते एकाच माणसाला. लॅपटॉप पिशवीत घातला आणि रविवारी नवे तांदूळ आणायच्या निमित्तानं पोशीरला गेले.

गिरणी चालू होती. दिगंबर भुश्शानं पांढरा झालेला, भुवयांपर्यंत. मला पाहून ओरडला, पण गिरणीच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. मी पोत्यावर लॅपटॉप उघडला. त्यानं हात लुंगीला पुसले आणि पंखा फिरवून फिरवून पाहू लागला. जवळ नेऊन, उलटा करून, कापून, आतल्या ठोकळ्यांपर्यंत जाऊन. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होते. कुठे तरी तो थांबेल, 'ही गोलाई कशी काय आली' म्हणेल, याची मी वाट पाहत होते. खरं सांगते, उत्तरंसुद्धा तयार करून नेली होती.

त्यानं जाऊन गिरणीचा खटका पाडला. पट्टा फडफडत थांबला आणि एकदम शांत झालं.

"शुभे, कायच नाय गं," तो म्हणाला. "कुठंच काय नाय. मला नसतं जमलं हे."

आणि मग तो दारात जाऊन घराकडे तोंड करून ओरडला, "आये! ए आये, हिकडं ये लवकर! ही शुभा आलीय, हिनं काय केलंय बग!" म्हातारी हात पुसत आली. तिला तो एकेक पातं दाखवू लागला, पाणी कुठून शिरतं, कुठून वळतं, आणि ही आतली कड, आये, ही डोळ्याला दिसतच नाय, ही हिनं निस्ती हातानं चाचपून वळखलीय. म्हातारीला त्यातलं काही कळत नव्हतं, पण पोराचा चेहरा पाहून तीही हसत होती. भात घेऊन थांबलेली दोन माणसं उठून जवळ आली, त्यांनाही त्यानं पहिल्यापासून सांगायला घेतलं. भुश्शाखालून त्याचे दात चमकत होते.

इतकी वर्षं मी त्याची कामं पाहिली. एकदाही घरी जाऊन आईला सांगितलं नव्हतं की आज दिगंबरनं काय केलंय बघ. त्याचा हात मला आला, मेहनतीनं का होईना, आला. हे जे तो आता करत होता, ते मला येणार नव्हतं. पिशवीत तांदूळ घेऊन मी त्या माणसांच्या मागे उभी होते, माझीच मेश त्यांच्या खांद्यांवरून डोकावून पाहत होते, आणि मला त्याचा इतका हेवा वाटत होता की लॅपटॉप परत मागायचं सुचलं नाही.